नसलेला विटाळ

माझ्या सासऱ्यांनी, नवऱ्याने आणि बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात तेव्हा असलेल्या डॉक्टरांनी मिळून मला फसवलं. बाळंतपणात माझी गर्भाची पिशवी काढून टाकली आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगितली, फक्त मला नाही. पुढे तीन वर्षं मी मूल व्हावं म्हणून उपास करत राहिले. त्याच खोटेपणापायी शेवटी मरता मरता वाचले.

मी केळीचा व्यापार करते. तापीकाठच्या बागा हिंडते, उभ्या झाडावरचा घड पारखते आणि माल रेल्वेच्या वॅगनमध्ये भरून वरच्या मुलखात पाठवते. आमच्या बाजारात जुने व्यापारी भाव रुमालाखाली ठरवतात. दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबली जातात, सौदा होतो आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही काही कळत नाही. मी पडले बाई. परक्या पुरुषाच्या हातात हात कसा देणार? म्हणून पहिल्या दिवसापासून मी भाव तोंडाने सांगितला, चारचौघांत, मोठ्याने. लोक हसले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की या बाईला रुमालाखाली घेता येत नाही.

अशा बाईचा सौदा तिच्याच माणसांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात केला. तो कसा झाला ते लिहिते आहे. माझ्यासारख्या आणखी बायका असतील, त्यांनी वाचावं म्हणून.

आडवं मूल

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. माझं माहेर तापीच्या काठी, शहरापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सासर शहरात, सिंधीपुऱ्यात. कळा सुरू झाल्या तशी सुईण आली. तिने पोट चाचपलं आणि माझ्या वडिलांना सांगितलं, "भाऊ, मूल आडवं आहे. माझ्या हातचं काम नाही. शहरात न्या."

वडिलांनी गाडी जुंपली नाही. आधी सिंधीपुऱ्याला माणूस धाडला. कारण मूल सासरचं. दवाखान्यात न्यायचं, परपुरुषाचा हात लावायचा, तर सासऱ्यांना विचारायला हवं. माझे वडील भित्रे नव्हते. पण लेकीच्या सासरचा मान म्हटला की आमच्याकडचा वाघासारखा माणूसही दारात हात जोडून उभा राहतो. निरोप गेला, निरोप आला, "न्या." मधल्या वेळात मी आईच्या गळ्यात हात टाकून ओरडत होते. मला कोणी काही विचारत नव्हतं.

मग कळा अचानक थांबल्या. पोटात काहीतरी उसवल्यासारखं झालं आणि सगळं शांत. आई म्हणाली, "देवाने पोरीला विसावा दिला." मलाही बरं वाटलं. पुढे इंदूरच्या डॉक्टरांनी मला समजावलं की तो विसावा नव्हता, तेव्हा पिशवी फाटली होती. वाचणाऱ्या बायांनो, एवढं लक्षात ठेवा. मूल बाहेर आलेलं नसताना जोराच्या कळा एकाएकी बंद पडल्या तर देवाचे आभार मानत बसू नका. गाडी जुंपा.

गाडीतलं मला फारसं आठवत नाही. दवाखान्याची पांढरी भिंत आठवते, नाकावर धरलेल्या औषधाचा गोडसर वास आठवतो. जाग आली तेव्हा पोटावर पट्टे होते आणि शेजारी पाळणा नव्हता. सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, "मुलगा होता, बाई." होता म्हणाली. त्यावरून मला कळलं.

डॉक्टरांनी माझा जीव वाचवला. हे मी कधी नाकारलं नाही आणि नाकारणार नाही. फाटलेली पिशवी काढली नसती तर मी रक्त जाऊन मेले असते. भांडण त्यांच्या सुरीशी नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणते, आणि आमचे हे खाटेपाशी उभे होते. डॉक्टरांनी माझी नाडी बघितली, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्या दोघांना घेऊन व्हरांड्यात गेले. दार अर्धं उघडं होतं. मला तिघांच्या पाठी दिसत होत्या. मामंजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली दिसली. ते परत आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"जपा म्हणाले," हे बोलले.

"एवढं बोलायला इतका वेळ?"

"तू आराम कर."

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. ते खोटं बोलायची वेळ आली की गप्प बसतात. त्या दिवसापासून ते माझ्याशी कमी बोलायला लागले. मला वाटलं, मूल गेल्याचं दुःख आहे.

दूध

मूल नव्हतं आणि दूध आलं. याची तयारी मला कोणी करून दिली नव्हती. छाती दगडासारखी झाली, अंगात ताप. सिस्टर केरळकडची होती, मराठी तोडकं बोलायची. तिने जुन्या लुगड्याच्या पट्टीने छाती घट्ट बांधली. बांधताना तिचे डोळे भरले तशी मी चिडले. "तू कशाला रडतेस? काम कर."

समोरच्या खाटेवर असीरगढच्या बाजूची एक बाई होती. तिचं पोर दिवसभर किरकिरायचं, तिला दूधच नव्हतं. एका सकाळी तिच्या सासूने पोर आणून माझ्यासमोर धरलं. काही बोलली नाही, नुसतं धरलं. मी पट्टी सोडली. सिस्टरने पाहिलं आणि पाठ फिरवून बाटल्या पुसत उभी राहिली. ते पोर पोटभर प्यायलं आणि झोपलं. माझा ताप उतरला. घरी जाईपर्यंत मी त्याला पाजत होते. निघताना त्या सासूने माझ्या ओटीत मूठभर गहू टाकले आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी तुझं तू पाजशील."

वॉर्डातली ती एकटीच होती जिने मनापासून म्हटलं. बाकीच्यांना ठाऊक होतं की पुढचं वर्ष नाही.

बाहेर बसणं

सिंधीपुऱ्यात आमचं घर गल्लीला लागून आहे. मागे अंगण, अंगणात मोरी, मोरीशेजारी एक ओटा. घरातली बाई महिन्याचे चार दिवस त्या ओट्यावर बसते. वेगळं पांघरूण, वेगळं ताट, कशाला हात लावायचा नाही. मागची भिंत ठेंगणी. त्यामुळे कोणाच्या घरची कोण कधी बाहेर बसली हे गल्लीला पाठ असतं. कोण बसली नाही हे तर जास्तच पाठ असतं.

माझी पाळी आलीच नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "तापात रक्त सुकलं. येईल हळूहळू. डॉक्टरांनी सांगितलं आहे."

"मला नाही सांगितलं."

"मामंजींना सांगितलं ना."

मग एक दिवस त्यांनी ओटा सारवला, गोणपाट टाकलं आणि म्हणाल्या, "आजपासून चार दिवस बैस."

"कशाला? मला काही झालेलं नाही."

"गल्ली बघते आहे. बाळंतीण घरी आली, इतके महिने झाले, एकदाही बसली नाही. काय उत्तर देऊ? बैस. ढोंग म्हणून बैस. खरं येईल तेव्हा येईल."

मी भांडले. मी सगळ्या गोष्टींवर भांडते, यावरही भांडले. पण दर महिन्याला छाती जड व्हायची, कंबर धरायची, चिडचिड व्हायची, अगदी पूर्वीसारखी. मला वाटायचं, आज नाही तर उद्या येणारच. म्हणून मी बसले. पुढे तीन वर्षं दर महिन्याला, विटाळ नसताना, मी त्या ओट्यावर बसत राहिले.

याच काळात मी धंद्याला लागले. माहेरी अंगात ताकद भरायला गेले होते, तेव्हा आमच्या बागेचा माल एक दलाल कच्चा म्हणून भाव पाडून मागत होता. मी घड हाताने उचलला आणि त्याला म्हटलं, "शेठ, डोळे नवीन घ्या. हे कच्चं असेल तर तुम्ही अजून पाळण्यात आहात." वडील घाबरले, दलाल हसला आणि मी सांगितलेल्या भावाने माल घेऊन गेला. मग मी आजूबाजूच्या बागांचाही माल बाजारात लावायला लागले. हे कापडाच्या मिलमध्ये नोकरीला. घर चालत होतं, पण ओढूनताणून. माझा पैसा येऊ लागल्यावर हात मोकळा झाला.

आणि महिन्यातून चार दिवस ही व्यापारी बाई गोणपाटावर बसून असायची. बागेत घड पिकायचे, दलाल माझ्या गैरहजेरीत शेतकऱ्यांना गाठायचे. मी तिथे बसून भिंतीकडे बघायची. आत्याबाई ताट सरकवायच्या आणि माझ्या तोंडाकडे न बघता आत जायच्या.

उपास, नवस, वैद्याचे काढे, सगळं केलं. एक काढा इतका कडू होता की वैद्याला म्हटलं, "याने मूल आलंच तर बिचारं तोंड वाकडं करून येईल." आमचे हे तेव्हाही हसले नाहीत.

पोट वाढलं

तिसऱ्या वर्षी माझं पोट वाढायला लागलं.

आधी लुगड्याची गाठ घट्ट व्हायला लागली. मग जेवण कमी जायला लागलं, सकाळी मळमळ. शेजारच्या शेवंताकाकूंनी भिंतीवरून पाहिलं आणि विचारलं, "कस्तुरा, किती दिवस लपवणार?"

"काय लपवते मी?"

"काय करून राहिली तू, माझ्यासमोर भोळी बनून राहिली? चार पोरं काढली मी. पोट ओळखते."

"पण काकू, मला पाळीच नाही आली. तीन वर्षं."

आवाज खाली करून मी हे त्यांना पहिल्यांदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या मावसबहिणीला अंगावर पाजताना राहिलं होतं. पाळी न येता. होतं असं. मतलब, देवाच्या मनात आलं की तो कॅलेंडर बघत नाही."

मी त्या दिवशी बाजारातून घरी येताना पहिल्यांदा कोणाशी भांडले नाही. शनवाऱ्याच्या बाजारातून गुळाची ढेप घेतली आणि दुकानदाराने सांगितला तो भाव दिला. दुकानदाराला वाटलं, मला बरं नाही.

त्या महिन्यात मी ओट्यावर बसायला नकार दिला.

"बैस," आत्याबाई म्हणाल्या.

"आता कशाला? पोट दिसतं आहे."

"मी सांगते म्हणून बैस."

"सगळी गल्ली आनंदात आहे आणि तुम्हाला काय झालंय? तुम्हाला नातू नको?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या खाली बसल्या, उंबऱ्यावरच. मला वाटलं, म्हातारीला आनंद सोसत नाही. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते जेवत होते. हात ताटात तसाच राहिला. मग म्हणाले, "डॉक्टरला दाखव."

"दाखवीन सवडीने. माल भरायचा आहे."

"लवकर दाखव."

एवढंच बोलले. तीन वर्षं ज्याने तोंड उघडलं नव्हतं त्याला त्या ताटावर बसून एक वाक्य बोलता आलं असतं. माझ्या पोटात मूल असूच शकत नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणजे दुसरं काहीतरी आहे, हेही कळत होतं. तरी महिना उलटला, दुसराही उलटला. मामंजी पोथी वाचत राहिले. आत्याबाई देवापाशी बसत राहिल्या. गल्लीतल्या बायका मला आंबट खाऊ घालत राहिल्या आणि मी खात राहिले.

एक दिवस स्टेशनच्या मालधक्क्यावर वॅगन भरून घेत होते. पोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काळोख. हमालांनी मला केळीच्या पानांच्या ढिगावर निजवलं. त्यांचा मुकादम ओरडत होता, "बाई बाळंत होत आहेत, कोणीतरी बाईमाणूस आणा." मला तेव्हाही बरंच वाटलं होतं. दिवस भरलेले नाहीत एवढीच काळजी होती.

डॉक्टरीणबाई

आधीच्या डॉक्टरांच्या वेळी आम्ही नागपूरच्या राज्यात होतो. आता राजधानी भोपाळ झाली होती. ते डॉक्टर विदर्भातले, राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा तिकडची नोकरी मागून गेले. हमालांनी मला त्याच दवाखान्यात पोचवलं तेव्हा तिथे नवी डॉक्टरीणबाई आली होती, तरुण, हिंदी बोलणारी. पाटीही हिंदीत झाली होती.

तिने मला आडवं केलं, पोट दाबलं, आतून तपासलं. मग पोटावरच्या जुन्या टाक्यांवर बोट ठेवून विचारलं, "ये ऑपरेशन कब का है?"

मी सांगितलं. मूल आडवं होतं, गेलं. आता देवाने परत दिलं आहे.

तिने हात थांबवला. "किसने कहा बच्चा है?"

"सगळेच म्हणतात."

"आपकी तो बच्चेदानी निकाली हुई है। आपको मालूम नहीं?"

मला वाटलं, माझ्या हिंदीची चूक आहे. मी तिला परत सांगायला लावलं. तिने मोडक्या मराठीत सांगितलं, हाताने दाखवून. पिशवी नाही. थोडा खालचा तुकडा ठेवला आहे. पाळी येणार नाही. मूल होणार नाही. पोटात आहे ती गाठ आहे, अंडाशयाची, आणि ती पिळली गेली आहे. इंदूरला लगेच जायला पाहिजे.

"माझ्या घरी हे माहीत आहे?"

निरोप मिळून आलेले आमचे हे दाराबाहेर बसले होते, तिने तिकडे बघितलं. ती हुशार होती.

मी खाली उतरले, लुगडं नीट केलं आणि बाहेर गेले. ह्यांनी माझं तोंड बघितलं आणि उभे राहिले. मी एवढंच विचारलं, "माहीत होतं?"

त्यांनी मान खाली घातली.

मी कधी नवऱ्यावर हात उचलला नाही, त्या दिवशीही नाही. पण आत वळून डॉक्टरीणबाईच्या टेबलावरचा पाण्याचा पेला मी उचलला आणि भिंतीवर फेकला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "अब बैठ जाइए। दर्द बढ़ेगा।" मी बसले. तिने नवा पेला आणून दिला आणि मी पाणी प्यायले.

घरी

इंदूरची गाडी सकाळची होती. संध्याकाळी मी घरी गेले आणि ओसरीवर बसले. पोटात कळा होत्याच. मामंजी झोपाळ्यावर होते.

"मामंजी, मला का नाही सांगितलं?"

"सूनबाई, डॉक्टर म्हणाले, हिला सांगू नका. ऐकून खचेल."

"आणि नंतर? मी उठून बाजारात गेले, दलालांशी भांडले, तेव्हा मी खचलेली दिसत होते?"

"बायकांच्या गोष्टी. मी काय बोलणार?"

"बायकांची गोष्ट होती म्हणूनच तर ती मला सोडून सगळ्यांना सांगितली."

ते झोपाळा हलवत राहिले. तेव्हा आत्याबाई आतून आल्या. त्या माझ्याशी भांडायच्या आवाजात बोलल्या, म्हणजे खऱ्या आवाजात.

"मला शिव्या दे. पण ऐकून घे. तुझ्या मामंजींच्या बहिणी महिन्या-महिन्याला येऊन विचारायच्या, सुनेची पाळी चालू आहे का नाही. पोराला दुसरी करा म्हणायच्या. कायदा झाला, दुसरी करता येत नाही म्हटलं तर म्हणायच्या, हिला माहेरी पाठवा, कायदा कोण बघायला येतो. मी त्यांना मागच्या दारी नेऊन दाखवायची. बघा, बसली आहे सून माझी. तिचं सगळं चालू आहे. त्यांची तोंडं बंद व्हायची. तुझी ओटी भरायला गल्लीतली एक बाई तरी चुकली का? वांझ म्हणून हळदीकुंकवाला टाळलं का कोणी? तुला ओट्यावर बसवून मी तुला घरात ठेवली."

आत्याबाई खरं बोलत होत्या. त्या ढोंगाने मला वाचवलं होतं, हे मी आजही मान्य करते. भाव चांगला होता. पण माझ्या वतीने, मला न विचारता केलेला सौदा होता.

"आत्याबाई, मला सांगितलं असतं तरी मी बसले असते. तुमच्यापेक्षा चांगलं ढोंग केलं असतं."

त्या थोडं हसल्या आणि लगेच रडायला लागल्या. "आणि पोट वाढलं तेव्हा?" मी विचारलं. "तेव्हा तर मी मेले असते."

त्या आत गेल्या आणि माझी वळकटी बांधायला लागल्या. इंदूरला ह्यांच्याबरोबर त्याही माझ्यासोबत आल्या.

इंदूर

खांडव्याला गाडी बदलून आम्ही इंदूरला पोचलो. तिथल्या मोठ्या दवाखान्यातले सर्जन उतारवयाचे होते, घाईत होते. त्यांनी ह्यांच्यापुढे सहीचा कागद सरकवला. मी तो माझ्याकडे ओढला.

"पोट माझं आहे. सही मी करते. आधी सांगा, काय काढणार?"

ते चष्म्यावरून बघायला लागले. "गाठ."

"आणि?"

"त्या बाजूचा अंडाशय. दुसरा चांगला असेल तर ठेवू."

"ठेवू म्हणजे ठेवायचा. तोही काढावा लागला तर शुद्धीवर आल्यावर पहिलं मला सांगायचं. नवऱ्याला नाही, सासूला नाही. मला."

"बाई, तुम्ही काय धंदा करता?"

"केळी विकते."

"वाटलंच," ते म्हणाले. त्यांनी शब्द दिला आणि मी सही केली.

तिथला वॉर्ड मोठा, चाळीसेक खाटांचा. पहाटे खराटा, मग थर्मामीटर, मग लापशी, मग फेरी. पहिल्या दवाखान्यात मी फेरीची भीती धरायची. इथे मी वाट बघायची. डॉक्टर खाटेपाशी आले की शेजारच्या बाईंनाही सांगायची, विचारा, विचारा, गप्प बसू नका. बायका विचारायला लागल्या. एक तरुण डॉक्टर वैतागून म्हणाला, "ये वॉर्ड है कि मंडी?" मी म्हटलं, "मंडीत निदान माल दाखवून विकतात."

शस्त्रक्रियेच्या सकाळी मला भीती वाटली. ती मी लपवत नाही. त्या गोड वासाची भीती होती. मागच्या वेळी झोपले ती आई होऊन झोपले होते आणि उठले तेव्हा काहीच नव्हते, आणि तेही मला ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनी माझा हात धरला होता. मी म्हटलं, "मी शुद्धीवर येईपर्यंत कोणाशी व्हरांड्यात जाऊ नका." त्या म्हणाल्या, "इथेच बसते. बोलवलं तरी जाणार नाही." आणि खरोखर गेल्या नाहीत. सिस्टरने पाणी प्यायला बोलावलं तरी गेल्या नाहीत.

जाग आली तेव्हा सर्जन स्वतः उभे होते. "गाठ काढली. साधी होती, कर्करोग नाही. दुसऱ्या बाजूचा अंडाशय चांगला आहे, ठेवला आहे." मग खाली वाकून, हळू आवाजात, "तुम्हालाच सांगतो आहे. अजून कोणाला सांगितलेलं नाही."

ही माझ्या सगळ्या आजारपणातली सगळ्यात मोठी मेहेरबानी. पोटात टाके ओढत होते, तोंड कोरडं पडलं होतं आणि मी समाधानाने परत झोपले.

बायांनो

आता मी बरी आहे. बागा हिंडते, वॅगन भरते. ओट्यावर बसत नाही. कोणी विचारलं तर भाव सांगावा तसं सांगते, पिशवी नाही, काढली. पहिल्या वेळी गल्ली गप्प झाली, नंतर सवय झाली. शेवंताकाकू हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं मला धाडतात. आमचे हे आणि मी एका घरात आहोत. ते आता बोलतात, सांगतात, कधी नको इतकं सांगतात. माझा राग पूर्ण गेलेला नाही. जाईल तेव्हा त्यांना कळवीन.

तुमच्यापैकी कोणाचं पोट चिरलं असेल तर घरी जाण्याआधी स्वतः विचारा. काय काढलं? काय ठेवलं? पाळी येणार का? मूल होणार का? लाजू नका. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. बाळंतपणानंतर पाळी परत येत नाही आणि घरात कोणी तुमच्या नजरेला नजर देत नाही, तर काढे पिऊ नका, डॉक्टरीण गाठा. पोट वाढलं की प्रत्येक वेळी पेढे वाटू नका, आधी दाखवा. आणि सासूबायांनो, सुनेला वाचवायचं असेल तर तिला सोबत घेऊन वाचवा.

दोघांपैकी कोण

बरी झाल्यावर मी त्या पहिल्या डॉक्टरांना भेटायला गेले. ते आता विदर्भातल्या एका शहरात आहेत. त्याआधी दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांत तक्रार करून पाहिली होती. भोपाळचे म्हणाले, ते जुन्या राज्यातलं प्रकरण. नागपूरचे म्हणाले, बुऱ्हाणपूर आता आमच्याकडे नाही. माझं पोट कोणत्या राज्यात चिरलं हे दोन राज्यांना ठरवता आलं नाही. म्हणून मी स्वतः गाडी धरली.

डॉक्टरांनी ओळखलं नाही. मी जागा सांगितली, आडवं मूल सांगितलं, मग ओळखलं. जीव वाचवल्याबद्दल मी आधी हात जोडले. मग विचारलं.

"तुमच्या सासऱ्यांनीच सांगितलं," ते म्हणाले. "टोपी काढून माझ्या पाया पडायला आले. म्हणाले, सुनेला कळता कामा नये, घर मोडेल. घरच्या कर्त्या माणसाने सांगितल्यावर मी काय करणार?"

"रोगी मी होते."

"बाई, त्या काळी असंच चालायचं."

"तीन वर्षांमागची गोष्ट आहे. कुठला काळ?"

त्यांनी घंटी वाजवली आणि पुढच्या रोग्याला बोलावलं. तीही एक बाईच होती. तिच्यामागे तिचा सासरा होता.

घरी येऊन मामंजींना विचारलं. ते म्हणतात, "मी कशाला पाया पडू? डॉक्टरच म्हणाले, सांगू नका." आमचे हे तिथे हजर होते. ते म्हणतात, दोघं एकदमच बोलत होते, नीट आठवत नाही.

तर आता मी इथे छापून विचारते. डॉक्टर, मामंजी, तुम्ही दोघंही अक्षर वाचता. तुमच्यापैकी एक जण खोटं बोलतो आहे. माझ्या शरीराची गोष्ट मला कळू द्यायची नाही, हे वाक्य पहिलं कोणाच्या तोंडून निघालं? मला भरपाई नको, माफी नंतर बघू. डॉक्टर रोज बायकांची पोटं उघडतात आणि रोज कोणाच्या तरी सासऱ्याला व्हरांड्यात नेतात. त्या बायका आज कुठल्या ओट्यावर बसल्या आहेत मला ठाऊक नाही. डॉक्टर, तुम्हाला ठाऊक आहे. आधी माझं उत्तर द्या, मग त्यांची नावं घेऊन एकेकीच्या घरी जा आणि तिला, तिच्या तोंडावर, सांगा.